दोघींच्या नावचा बकरा

दिग्गीच्या गिरजेनं समुद्र कधी पाहिला नाही. काळी नदी तेवढी पाहिली होती, आणि तिच्या लेखी पाणी म्हणजे तेवढंच. अलीकडचा काठ, पलीकडचा काठ आणि मधे माणसं पार करणारी एका खोडातून कोरलेली होडी. ती होडी फुटली की काय होतं, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. माणसं काठावर बसून नावाड्याला यथेच्छ शिव्या देतात आणि शेवटी आपापल्या घरी परत येतात. पुढं जे घडलं ते समजून घ्यायचं तर गिरजेची ही होडी आधी डोळ्यांपुढं आणायला हवी. नाहीतर बाई वेडी होती असं वाटेल, आणि वेडी ती मुळीच नव्हती.

तिचा नवरा येसाजी आणि शेजारचा वासू लहानपणापासूनचे सोबती. दोघांच्या बापजाद्यांनी कुमरी केली. म्हणजे डोंगरावरच्या रानाचा एक तुकडा तोडायचा, उन्हाळ्यात जाळायचा आणि त्या राखेत नाचणी पेरायची. सरकारनं ती बंद केली. रानात काडी ओढली की रानखात्याचा गार्ड धरून सुप्याच्या कचेरीत नेई आणि वर दंड. मग हे दोघं सरकारी तोडीवर मजुरीला गेले, तिथून कद्र्याला बांबूच्या तराफ्यांवर, तिथून कारवारला, आणि एका वर्षी कारवारहून जे गलबतात बसले ते मुंबईत उतरले. मुंबईत सरकारी आगबोटींच्या भट्टीत कोळसा टाकायला माणसं हवी होती. त्या गड्याला आगवाला म्हणतात. घरी आग लावली म्हणून दंड करणारं सरकार इथं आग लावायचा पगार देत होतं. याचं हसू वासूला कधी आवरलं नाही. “गार्डाला सांगा कुणीतरी,” तो म्हणे, “त्याचा चोर आता सरकारी नोकर झालाय.”

मग जर्मनाशी लढाई लागली. दोघांना मालाच्या बोटीवरून उचलून एका लढाऊ बोटीवर घातलं. क्रूझर म्हणत तिला. नाव कुठल्या तरी इंग्रज सरदारणीचं होतं आणि ते दोघांनाही धड म्हणता येत नसे. तीन चिमण्या, पुढं पोलादी नाक, दोन्ही अंगांना तोफा. बघणाऱ्याची छाती दडपावी असा थाट, पण सगळा जुना. लढाई लागली नसती तर त्याच वर्षी तिला मोडीत काढायची होती. गिऱ्हाईकही ठरलं होतं म्हणतात. लढाई आली आणि कसायाच्या दारातला रेडा पुन्हा नांगराला जुंपावा तसं तिला रंग फासून समुद्रात सोडलं. खालच्या आगवाल्यांनी तिचं नाव ठेवलं म्हातारी.

हे सगळं गिरजेला कळलं ते एकोणीसशे सोळा सालच्या उन्हाळ्यात. म्हातारीच्या बॉयलरच्या नळ्या इतक्या गळायला लागल्या की तिला मुंबईच्या गोदीत ओढून आणावं लागलं. तेवढ्यात दोघांना रजा मिळाली. कॅसलरॉक स्टेशनावर उतरून डोंगर तुडवत दोघं घरी आले. अंगं बारीक झालेली, हातांवर भाजल्याचे डाग, आणि बोलणं मात्र दुप्पट. फौजेची जहाजं बसऱ्याकडं आणि एडनकडं न्यायची, त्यांच्या पुढं पहारेकऱ्यासारखं म्हातारीनं चालायचं. जर्मनाची बोट दिसली म्हणून एकदा सगळी रात्र तिच्या मागं धावले, भट्ट्या लाल करून. सकाळी बघतात तर ती आपलीच, तांदूळ घेऊन निघालेली. “तांदळाला घाबरलं सरकार!” वासू अंगणात बसून सांगायचा आणि शांती, त्याची बायको, दाराआडून तोंडाला पदर लावून हसायची.

त्याच रजेत एक गंमत झाली. वासू एका दुपारी येसाजीला म्हणाला, “म्हातारी आता लई गळाय लागलीया. एकदा मोडीत काढली की आपुन सुटलो.” आत वासूची आई फुला तांदूळ निवडत होती. तिनं एवढंच ऐकलं. ती दिवसभर जेवली नाही, कुणाशी बोलली नाही, संध्याकाळी गाठोडं बांधून माहेरी निघाली. साठीतली बाई, माहेरी कोण उरलं होतं कोण जाणे. वासूनं पायांवर डोकं ठेवून बोटीची सगळी हकिगत सांगितली तेव्हा कुठं ती परतली. गावाला हसायला महिनाभर पुरलं.

पण हसण्यातलं एक वाक्य गिरजेनं उचलून ठेवलं. तिनं येसाजीला एकटं गाठून विचारलंही. “ती मोडली म्हंजे तुमास्नी सोडणार, हे खरं काय?”

“मोडली तर ठेवून काय करत्यात आमाला?” येसाजी म्हणाला. “पण मोडत न्हाई. सायब लोक ठिगळं लावत्यात तिला.”

रजा संपली. दोघं गेले. आठवडा झाला नाही तोच गिरजा शांतीला घेऊन बुधवंताकडं गेली. गावचा मुख्य तो बुधवंत. देवापुढं गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. तेव्हाचा बुधवंत भिकाजी, मोठा शिस्तीचा माणूस. देवाला मोघम काही सांगायचं नाही, असा त्याचा कायदा. मोघम सांगितलं की देव आपल्या सोयीनं अर्थ काढतो, असं तो म्हणे. “नेमकं काय मागू?” त्यानं विचारलं.

गिरजेनं शांतीकडं बघितलं. शांतीनं मान डोलावली. “ती म्हातारी बोट मोडू दे, मामा,” गिरजा म्हणाली. “बोट मोडली की मानसं घरी येत्यात.”

भिकाजीनंही समुद्र पाहिलेला नव्हता. त्याला मागणं सरळ वाटलं.

सोमवारी देवराईत, गावदेवाच्या दगडापुढं, नारळ ठेवून तो उभा राहिला. मागं दोन्ही घरची माणसं, आणि गाऱ्हाणं म्हटल्यावर येतात तशी आणखी दहापाच. “बा देवा म्हाराजा,” भिकाजीनं आवाज लावला, “आज ह्या तुज्या दोन लेकी पदर पसरून हुब्या हायेत…” “व्हय म्हाराजा,” सगळ्यांनी साथ दिली. “तेंचे घरधनी परमुलखात म्हाताऱ्या बोटीवर अडकलेत…” “व्हय म्हाराजा.” “ती बोट मोड, म्हाराजा, तिचं खिळं न् खिळं सुटं कर…” “व्हय म्हाराजा!” यात शांतीचा आवाज होता, फुलाचा होता, आणि गिरजेचा सगळ्यांत मोठा होता. “दोघं घरी आले की दोघी मिळून एक बकरा तुज्या पायाशी आनतील…” “व्हय म्हाराजा.” बकरा एकच ठरला, कारण दोघींच्या ऐपतीत तेवढाच बसत होता. गिरजेनं घरच्या शेळीचं काळं नर करडू त्याच दिवशी कान टोचून देवाच्या नावानं सोडलं.

देवानं ऐकलं. पुढच्या वर्षी, थंडी सरता सरता, म्हातारी मोडली.

येसाजी आला तेव्हा गिरजा नि शांती दोघी ओढ्यावर धुणं धूत होत्या. कॅसलरॉकच्या वाटेनं माणूस येताना दिसला आणि चालीवरून गिरजेनं ओळखला. ती पळाली. शांतीही पळाली. येसाजी थांबला आणि त्यानं खांद्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. गिरजा त्याच्या तोंडाकडं बघत होती. शांती त्याच्या पाठीमागं, वाटेकडं बघत होती. मागचा माणूस पाणी प्यायला थांबला असेल आणि आता येईल, असं ते बघणं होतं. येसाजीनं ते पाहिलं आणि तो मटकन खाली बसला.

त्यानं जे सांगितलं ते एकदाच, फुलापुढं, तिच्या ओसरीवर. एडनच्या अलीकडं जर्मनानं पाण्यात सुरुंग पेरून ठेवले होते. सकाळची पाळी बदलत होती. येसाजी शिडीवरून वर येत होता, वासू खाली उतरत होता. “वर वारा हाय काय रे?” वासूनं विचारलं. “हाय थोडा,” येसाजी म्हणाला. एवढंच बोलणं. तो वर येऊन तोंडावर पाणी मारतो न मारतो तोच खालून असा दणका बसला की पायांखालचं लोखंड उसळलं. म्हातारी लगेच नाही गेली. गळकी होती, जुनी होती, तरी बराच वेळ तिनं धरून ठेवलं. मग कुशीवर वळली. तिन्ही चिमण्या पाण्यावर आडव्या झाल्या आणि त्यांच्यातून वाफ किंचाळत बाहेर पडली. येसाजीला काळी नदीतलं पोहणं येत होतं, त्यावर तो तरला. फळीला धरून राहिला. दुसऱ्या बोटीनं उचललं, एडनच्या दवाखान्यात टाकलं. भट्टीपाशी होते त्यांतलं कुणी वर आलेलं त्यानं पाहिलं नाही.

“माजा वासू पाण्यात बगितलास काय?” फुलानं विचारलं.

“न्हाई, मावशे.”

“बुडताना बगितलास?”

“न्हाई.”

खोटं बोलणं येसाजीला जमलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. पण तो असा माणूस की जे पाहिलं तेच सांगायचं, एक अक्षर जास्त नाही. सुप्याच्या कचेरीत जाऊन विचारलं तर कारकून म्हणाला, वासू बेपत्ता आहे. हा शब्द डोंगरात चुकलेल्या ढोरांना लावतात. आणि चुकलेलं ढोर बहुतेक वेळा परत येतं. भिकाजी म्हणाला, पळसाच्या पानांचा वासू करून जाळू, विधी होऊन जाईल. शांतीनं साफ नकार दिला. “मेले म्हनून कुनी सांगितलंय?” ती म्हणाली. तिनं कुंकू पुसलं नाही, बांगड्या फोडल्या नाहीत.

गिरजेची स्थिती मात्र सांगता सोय नाही अशी झाली. नवरा घरात होता. तिनं मागितलं होतं ते शब्दाशब्दानं मिळालं होतं. रात्री तो खोकत उठून बसला की आधी तिला बरं वाटे, आहे म्हणून खोकतोय. आणि लगेच पलीकडच्या घरातला अंधार आठवे. शेवटी तिनं गाऱ्हाण्याचं त्याला सांगितलं. येसाजी हसायला लागला. “आगं, जर्मनाचा सुरुंग त्यो. आपल्या देवाला येडन ठावं हाय व्हय?” मग त्याचं हसू विझलं. “मोड, असं म्हनालीस?”

“तुमीच म्हनला हुता. मोडली की सोडत्यात म्हनून.”

“मोडीत काढायची ती गोदीत, गिरजे. काठाला लावून. आत मानसं ठेवून न्हाई.” एवढं बोलून तो उठून बाहेर गेला. नंतर पुष्कळ वर्षांत त्यानं तो विषय काढला नाही, पण मोड हा शब्द तो तोंडात घेईना. लाकूड मोडलं तरी तुटलं म्हणायचा.

आणि नवस? नवस फेडायचा राहिला. बोलात ‘दोघं घरी आले की’ असं होतं खरं, पण बोट मोडली म्हणजे देवानं आपलं काम केलं, असा भिकाजीचा हिशेब. देवाचं देणं ते, चुकवून चालत नाही. पण फेडायचा तर भिकाजी पुन्हा सगळ्या गावापुढं उभा राहणार, आणि म्हणणार, देवा म्हाराजा, तू बोट मोडलीस, आमचं ऐकलंस. आणि शांतीनं मागं उभं राहून व्हय म्हणायचं? वासू ज्यात गेला त्या मोडण्याबद्दल बकरा द्यायचा? शिवाय नवस दोघींचा आणि बकरा एक. आपल्या वाटचा अर्धा बकरा कापून देता येत नाही. गिरजेनं ठरवलं, शांतीचं मन एवढं जाळायचं नाही. देव रागावला तर आपल्यावर रागावेल. हे तिनं शांतीच्या मायेपोटी ठरवलं, यात तिळमात्र शंका नाही. पण त्यात थोडं भ्यालेपणही होतं. शांतीच्या डोळ्यांत बघून ते वाक्य काढायची तिची छाती नव्हती. आणि ही दोन कारणं एकदा एकात एक मिसळली की माणसाला फार सोयीची होतात.

त्यामुळं बकरा जगला. करडाचा बोकड झाला. देवाच्या नावानं सोडलेला, त्याला कोण हात लावणार? तो कुणाच्याही परसात शिरे, कुणाचीही नाचणी खाई, भिकाजीच्या ओसरीवर लेंड्या टाकी. दाढी हनुवटीखाली वीतभर लोंबायला लागली. “गिरजे, तुजा पावना आलाय,” म्हणून बायका हाका मारीत. भिकाजी भेटेल तेव्हा टोकायचा. “देवाला किती दिस उपाशी ठेवनार?” गिरजा म्हणे, “बघू पुढल्या दसऱ्याला.” दसरे येत राहिले. शांतीच्या दारात तो बकरा फार रमे. ती त्याला कण्या घाली, शिंगांना तेल लावी, उन्हाळ्यात सावलीला बांधी. गिरजेला वाटे, बिचारीला मूल नाही, बकऱ्यात जीव रमवते.

तापाची साथ आली त्या वर्षी फुला गेली. शांती घरात एकटी उरली. नंतर बाजारकुणंग गावचा पुंडलिक तिला मागणी घालायला आला. बायको साथीत गेलेली, घरी भाताची शेतं, स्वभावानं गरीब. आमच्याकडं विधवेचा पाट लावतात, त्यात कमीपणा नाही. गावाला वाटलं, बरं झालं. शांतीची समजूत घालायला भिकाजीनं गिरजेलाच पाठवलं.

“हो म्हन, शांते,” गिरजा म्हणाली. “मानूस चांगला हाय. एकटी कशी काढशील?”

शांती अंगणातल्या खुंटाकडं बघत होती. तिथं बकरा बसून रवंथ करत होता. “तू म्हनतीस हे, अक्का?” तिनं विचारलं.

“मीच म्हनती.”

“मग बघू,” शांती म्हणाली. आणि तिनं काही बघितलं नाही. पुंडलिक पुढच्या वर्षी आणखी एकदा आला, ओसरीवर पाणी पिऊन गेला. मग त्यानं हळियाळकडची एक बायको केली. तिला मुलं झाली. सुप्याच्या बाजारात ती सगळी गाडीत बसलेली गिरजेला दिसायची, आणि प्रत्येक वेळी तिला शांतीचा राग यायचा. किती हट्ट करावा माणसानं!

तशी वर्षं गेली. येसाजीचा खोकला त्याच्याबरोबर म्हातारा झाला. बकऱ्याचे पुढचे दात पडले, त्याला उठायला वेळ लागायला लागला. आणि एका पहाटे बिबळ्या आला. शांतीच्या अंगणातून त्यानं बकरा उचलला. दाव्याचा तुकडा तेवढा खुंटाला राहिला. उजाडल्यावर माग काढत माणसं देवराईपर्यंत गेली, तर रक्ताचा माग गावदेवाच्या दगडाजवळूनच वर गेलेला. भिकाजी आता काठी टेकत चालायचा. त्यानं हात जोडले. “तुमी दिला न्हाई,” तो म्हणाला, “त्यानं आपला आपुन नेला. फिटला नवस.”

गिरजा घरी आली ती हलकी होऊन. इतक्या वर्षांचं ओझं कुणी न मागता उतरवून नेलं होतं. शांतीला काही ऐकवावं लागलं नाही, गावापुढं उभं करावं लागलं नाही. आपण केलं ते बरोबरच केलं, असं तिला पहिल्यांदा वाटलं. ती तशीच शांतीकडं गेली, देवानं कशी अब्रू राखली ते सांगायला.

शांती मागल्या दारी पायरीवर बसली होती. कपाळ धुतलेलं, कोरं. पायाशी हिरव्या काचांचा चुरा. मनगटाला एका जागी कापलं होतं, तिथलं रक्त ती पदरानं टिपत होती.

“हे काय ग?” गिरजेच्या तोंडून निघालं. “आज? इतक्या वर्सांनी?”

“बकरा गेला न्हवं,” शांती म्हणाली.

गिरजेला समजेना. शांतीनं मग सावकाश सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगत होती. “दोघं घरी आले की बकरा द्यायचा, असा बोल हुता. येसाजीअण्णा आले. तू बकरा दिला न्हाईस. म्या म्हनलं, अक्का थांबलीया, म्हंजे अण्णांना कायतरी ठावं असंल. दुसऱ्या बोटीनं कुनाला कुनाला उचललं म्हनत हुते. आमचे कुठंतरी असतील, कुठल्या मुलखात अडकले असतील, आन् अण्णा सांगत न्हाईत, मला आशा लागंल म्हनून. तसं नसतं तर तू नवस ठेवून घेतला असतास काय? तू तर देवाला भिनारी. रोज सकाळी बघायची, बकरा हाय. हाय म्हंजे अजून येनार हायेत.”

गिरजा खाली बसली. तिला पुंडलिकाची गाडी आठवली, त्यातली ती मुलं आठवली. तिनं शांतीकडं पाहिलं. केस पांढरे झाले होते, हात वाळले होते, आता हिला मागायला कुणी येणार नव्हतं. मायेनं म्हणून जे राखलं, त्यानं हिचं सगळं तारुण्य एका बकऱ्याच्या खुंटाला बांधून ठेवलं होतं. गिरजेला ओरडून रडावंसं वाटलं, पण रडायचा हक्क आपला नाही, हेही तिला त्याच वेळी कळलं.

“शांते,” ती म्हणाली, “मला तुजं मन दुखवायचं न्हवतं ग. म्हनून दिला न्हाई. दुसरं काय न्हवतं. ह्यांना कायबी ठावं न्हवतं. पाटाला हो म्हन म्हनून मीच आले हुते की. तवा तरी विचारायचं. शेजारी ऱ्हातो आपुन, एका वढ्यावर धुनं धुतो. येकदा तरी मला विचारायचं हुतंस.”

शांतीनं काचा गोळा करायला घेतल्या. मान वर केली नाही.

“विचारलं असतं,” ती म्हणाली, “तर तू सांगितलं असतंस.”